तीनशे बारा बेडकांची मोजदाद

आमच्या घरामागे बेडूक आहेत, हे सिद्ध करायला मला सात महिने लागले. ते आहेत याबद्दल कुणालाच शंका नव्हती. संध्याकाळी मागचं दार उघडलं की समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं, इतके आहेत. चपलेत आहेत, बादलीत आहेत, एकदा तर धुवायच्या कपड्यांतून माझ्या ऑफिसच्या पँटच्या खिशात होता आणि माझ्याबरोबर पंच करून आत गेला. तरीसुद्धा सात महिने.

मला मुळात बेडकांशी काही देणंघेणं नव्हतं. मला एक खोली बांधायची होती. माझे वडील, अण्णा, ब्याऐंशी वर्षांचे. आमच्या घराच्या झोपायच्या दोन्ही खोल्या वर, खाली हॉल आणि स्वयंपाकघर, आणि न्हाणीघर दोन्हीकडे. मधे तेरा पायऱ्या आणि एक वळण. अण्णांच्या गुडघ्यांनी त्या तेरा पायऱ्यांशी कायमचं वैर धरलं आणि एकदा वर गेलेले अण्णा चार महिने खाली उतरलेच नाहीत. जेवणाचं ताट वर, पेपर वर, डॉक्टरही वर. दिवसभर ते मागच्या खिडकीशी बसून असायचे. कधीकधी मी ऑफिसातून आलो की वरून विचारायचे, "कोण आलंय?" मी म्हणायचो, "मीच." तो प्रश्न ऐकून मला अपराध्यासारखं व्हायचं. शेवटी मी ठरवलं, स्वयंपाकघराच्या मागे आपली बारा फूट जागा आहे, तिथे अण्णांना खोली बांधायची आणि त्यांना खाली आणायचं. साधी गोष्ट होती.

जागा थोडी ओलसर होती हे खरं. बारा फूट संपले की लव्हाळं सुरू होतं आणि त्यापुढे सगळी पाणथळच. नगरपालिकेच्या कारकुनाने माझा नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, "या जागेत सध्या कोण राहतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. इथे थांबायला हवं होतं. पण मी सत्यप्रिय माणूस. "फक्त बेडूक असतात."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाणथळीला लागून बांधकाम आणि त्यात प्राणी, म्हणजे पर्यावरण खात्याचा दाखला हवा. 'सदर प्राण्याची जात धोक्यात नाही' असा.

आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. ते म्हणाले, "सरकारी माणसाला विचारलं त्याच्या निम्मं सांगावं. तुम्ही दुप्पट सांगितलंत. आता भोगा."

पर्यावरण खात्यातल्या साहेबांकडे सगळ्या प्राण्यांची यादी होती. कोण संकटात आहे, कोण फार संकटात आहे, कोण बरा आहे. मी आमच्या बेडकाचं वर्णन सांगितलं: तपकिरी, अंगठ्याएवढा, पाठीवर एक फिकट रेघ. साहेबांनी बोट फिरवत फिरवत तो शोधला आणि म्हणाले, "माहिती अपुरी."

"म्हणजे?"

"म्हणजे हा प्राणी किती आहे हे माहीत नाही. माहीत नाही म्हणजे कमीही असू शकेल. कमी असेल तर तुम्हाला खोदता येणार नाही."

"अहो साहेब, चिक्कार आहेत. माझ्या पँटच्या खिशात होता."

"त्या एकाची नोंद केलीत?"

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं, की शास्त्रज्ञ लांबलांबून येतात ते दुर्मिळ बेडूक बघायला. त्यासाठी डोंगर चढतात, जळवा लावून घेतात. हा बेडूक गेस्टहाऊसच्या पायरीवरच बसलेला असतो, त्याला ओलांडून ते पुढे जातात. त्यामुळे त्याची कुठे नोंदच नाही. मग त्यांनी मला सात पानांचा एक फॉर्म दिला. सात संध्याकाळी मोजणी करा, फॉर्म भरा, आमच्या तज्ज्ञ येऊन पडताळणी करतील. चिक्कार असतील तर तसा दाखला देऊ.

मोजणी म्हटल्यावर माझी छाती दोन इंच पुढे आली. मी एका मोठ्या कंपनीच्या गोदामात सव्वीस वर्षं सामानाची मोजदाद करतो. खुर्च्या, पंखे, कपाटं, शिड्या. सव्वीस वर्षांत माझी एक खुर्ची इकडची तिकडे झालेली नाही. बेडूक काय, बसणारी वस्तूच ती.

पहिल्या संध्याकाळी वीस मिनिटांत लक्षात आलं, की खुर्ची आणि बेडूक यांत एक मूलभूत फरक आहे. खुर्ची मोजून झाल्यावर मोजलेल्या खुर्च्यांतून उठून न मोजलेल्यांत जाऊन बसत नाही. मी चाळीसपर्यंत पोचलो आणि मला शंका आली, की हे चाळीस बेडूक आहेत, की चार बेडूक दहा वेळा.

आता आमच्या धंद्यात यावर उपाय आहे. गोदामात मोजलेल्या प्रत्येक वस्तूला आम्ही लाल रंगाचा एक ठिपका देतो. ठिपका दिसला की ती मोजली, नाही दिसला की राहिली. मी घरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "तुझं ते लाल नेलपॉलिश दे."

"कशाला?"

"सरकारी कामाला."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाच्या वेळी कुणी ही बाजू सांगितली नव्हती. पण बाटली दिली.

त्यानंतरच्या सात संध्याकाळी मी चिखलात बसून बेडूक पकडत होतो. डाव्या हातात बेडूक, उजव्या हातात ब्रश. डाव्या खांद्यामागे एक ठिपका, फुंकर, सोडला. वरून खिडकीतून अण्णा बघत असायचे. पहिल्या दिवशी नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तो राहिला बघ, दगडाखालचा." तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळी सूत्रंच हातात घेतली. "डावीकडे! अरे डावीकडे! तुला डावं-उजवं कधीच कळलं नाही!" पोस्टमास्तर कुंपणावर हात ठेवून सल्ले द्यायचे. बेडूक मागून धरावा, पुढून धरावा, धरूच नये. एकूण तीन बाटल्या संपल्या आणि आकडा भरला तीनशे बारा. मी फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला. बेडूक किती वाजता बाहेर येतात, कुठे बसणं पसंत करतात, एकेकटे असतात की घोळक्याने, त्यांना उजेड आवडतो का. एकही रकाना मोकळा ठेवला नाही. एकच गोष्ट लिहिली नाही, ती ठिपक्यांची, कारण तसा रकानाच नव्हता.

तज्ज्ञ आल्या त्या दिवशी मी ऑफिसात होतो आणि बायको दाताच्या डॉक्टरकडे. पोस्टमास्तरांनी नंतर सांगितलं, की एक तरुण बाई, गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात भलामोठा कॅमेरा, परस्पर मागे गेल्या. तासभर चिखलात पालथ्या पडल्या होत्या. जाताना वळून वळून मागे बघत होत्या. आमच्या गल्लीत तेव्हापासून त्यांचं नाव बेडूकबाई पडलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. माझ्या घरामागे तपकिरी बेडकाची एक वेगळीच जात आढळली होती. डाव्या खांद्यामागे एक झगझगीत लाल ठिपका. जगात दुसरीकडे कुठेही नोंद नाही. एकूण संख्या फक्त तीनशे बारा, माझ्याच मोजणीनुसार. तात्पुरता दर्जा, अत्यंत संकटग्रस्त. घराच्या मागे पन्नास मीटरपर्यंत खोदकाम, लागवड, मोठ्याने बोलणं आणि संध्याकाळनंतर दार उघडणं बंद.

कुणालाही वाटेल, की हात लावून पाहिला असता तर बाईंना लगेच कळलं असतं. पण दुर्मिळ प्राण्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि ठिपका दिसल्याबरोबर तो दुर्मिळ झाला होता. त्यांनी नियम पाळला. मला नियम पाळणाऱ्या माणसांबद्दल आदर आहे, त्यामुळे त्यांना दोषही देता येईना.

"सांगून टाका," बायको म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा."

"काय सांगू? की सव्वीस वर्षं मोजदाद करणारा माणूस बेडकांना नेलपॉलिश लावत होता?"

"लावत होतात ना?"

खरं आहे, पण खरं सांगायलाही एक चांगली वेळ लागते. मी पत्राचा मसुदा लिहायला घेतला. 'नेलपॉलिश' हा शब्द आला की पेन थांबायचं. मी 'लाल द्रव्य' लिहून पाहिलं, ते आणखी संशयास्पद वाटलं. तोवर बेडकाचा फोटो पेपरात आला. माझंच काम, पहिल्या पानावर, आणि ठिपका थोडा तिरका लागलेला. लोक कॅमेरे घेऊन आमच्या गल्लीत हिंडू लागले. पोस्टमास्तरांनी पेपरवाल्यांना मुलाखत दिली, की हे लाल ठिपक्यांचे बेडूक आपण लहानपणापासून बघत आलो आहोत, आपल्या आजोबांच्या वेळी तर ठिपका याहून मोठा असायचा. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "अहो, तुम्ही कुंपणावरून बघत होतात! मी लावले ते!" ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही लावलेले वेगळे. मी बघितलेले वेगळे."

त्याच आठवड्यात अण्णांनी एका संध्याकाळी वरून विचारलं, "आज मोजायचं नाही का?" मी म्हणालो, "नाही अण्णा, बंदी आहे. दारही उघडायचं नाही." "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. खोलीचं काय झालं असं त्यांनी कधीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अखेर मी धीर केला, स्वच्छ 'नेलपॉलिश' लिहिलं, पाकीट चिकटवलं. ते टाकायला निघालो तर दारातच खात्याचा शिपाई नोटीस घेऊन उभा. दुसरी तुकडी आदल्या दिवशी पाहणी करून गेली होती. पाणथळीत बेडूक शेकडो होते. सगळे तपकिरी. लाल ठिपक्याचा एकही नाही. तीनशे बारा अत्यंत संकटग्रस्त बेडूक एकोणीस दिवसांत नाहीसे झाले होते, आणि त्यांच्या नाहीसं होण्यात ज्याचा फायदा होता, म्हणजे ज्याला तिथे खोली बांधायची होती, असा माणूस जगात एकच होता.

जात मीच जन्माला घातली आणि मीच नामशेष केली. आगीतून निघालो होतो, फुफाट्यात पोचलो.

चौकशी आमच्याच हॉलमध्ये झाली. पर्यावरण खात्याचे साहेब, लिहून घ्यायला एक कारकून, बेडूकबाई, आणि कुणी न बोलावता साक्षीदार म्हणून पोस्टमास्तर. आमच्या हॉलमध्ये एक तीन माणसांचा सोफा आहे, त्यावर चौघे दाटीवाटीने बसले. मी उभा. मी सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून तीन रिकाम्या बाटल्या टीपॉयवर ठेवल्या.

साहेबांनी एक बाटली उचलून वास घेतला. "आतापर्यंत बऱ्याच सबबी ऐकल्या," ते म्हणाले. "ही नवीन आहे."

"अहो, खरंच लावलं त्यांनी," बायको म्हणाली. "माझ्या बाटल्या आहेत."

"बाई, बाटल्या तुमच्या म्हणजे तुम्ही सामील. तुमची साक्ष कशी धरायची? बाहेरच्या कुणी पाहिलंय?"

मी आशेने पोस्टमास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्या आजोबांच्या वेळी..."

तेवढ्यात वरून आवाज आला. "मी पाहिलंय."

सगळ्यांनी वर पाहिलं. साहेब सौजन्याने उठले. "आजोबा, आम्हीच वर येतो."

"काही गरज नाही. चौकशी खाली आहे, तर साक्षही खाली होईल."

"अण्णा, पायऱ्या!" मी ओरडलो आणि धावलो. तोवर ते पहिल्या पायरीवर बसलेसुद्धा होते. धरायला गेलो तर हात झटकला. बसल्या बसल्या, एकेक पायरी, दोन्ही हात टेकून, ते खाली सरकायला लागले. प्रत्येक पायरीवर थोडं थांबायचे. कारकुनाने लिहायचं थांबवलं होतं. वळणाशी त्यांना वेळ लागला, मी खालून हात पुढे केले. पंचवीस मिनिटांनी ते खाली आले. बेडूकबाईंनी उठून त्यांना सोफ्यावर जागा दिली. ते टेकले, दम घेतला, आणि खिशातून कॅलेंडरची चार घड्या घातलेली पानं काढली.

"पहिला दिवस, अडतीस," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "दुसरा, एक्कावन्न. तिसरा, सत्तेचाळीस. चौथा, साठ. पाचवा, चव्वेचाळीस. सहावा, एकोणचाळीस. सातवा, तीस. एकूण तीनशे नऊ."

"पण यांनी तीनशे बारा लिहिलेत," साहेब म्हणाले.

"तिघांना दोनदा लावलं. चौथ्या दिवशी एक, सहाव्या दिवशी दोन. वरून सांगत होतो, पण ऐकतो कुठं?"

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच माझा आकडा चुकलेला निघाला, तोही चार परक्या माणसांसमोर. पण साहेबांचा चेहरा बदलला होता. खोटं बोलणारा माणूस मुलाचाच आकडा कशाला खोडेल, असं ते कारकुनाला म्हणाले.

बेडूकबाईंनी एक बाटली उचलून उलटसुलट करून पाहिली. त्यांचा लेख अर्धा लिहून झाला होता, हे मला नंतर कळलं. "बेडूक कातडीतून श्वास घेतो," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या पाठीवर कुणी असं काही थापलं तर चालेल तुम्हाला? नशीब, दर थोड्या दिवसांनी तो कात टाकतो. ठिपके कातीबरोबर गेले. आणि कात त्यांनी खाल्ली असणार." त्या रागावल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकलं. मग त्या अण्णांकडे वळल्या. "आजोबा, ही पानं मला मिळतील? या बेडकाची इतकी नीट मोजणी आजवर कुणी केलेली नाही."

"प्रत काढून घ्या," अण्णा म्हणाले. "मूळ पानं परत आणून द्यायची. स्वतः."

मंडळी गेली. मी अण्णांना वर न्यायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "आज नको. आज इथंच झोपतो." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी आणि पोस्टमास्तरांनी सोफा वर चढवला आणि अण्णांचा पलंग खाली आणला. सोफा वळणात पाऊण तास अडकला होता आणि त्या काळात पोस्टमास्तर खालच्या बाजूला होते, एवढंच एक सुख मला या प्रकरणात मिळालं.

हॉलमध्ये पलंग आल्यापासून घराची शिस्त मोडली. दूधवाला दारात पाच मिनिटं जास्त थांबायला लागला. पोस्टमास्तर दुपारी पत्ते घेऊन यायचे आणि पलंगाच्या कडेला बसायचे. बेडूकबाई पानं परत द्यायला आल्या त्या दीड तास बसल्या, पुढच्या आठवड्यात काहीतरी विचारायचं राहिलं म्हणून पुन्हा आल्या. मी ऑफिसातून आलो की आता 'कोण आलंय' असं कुणी विचारत नव्हतं. अण्णा मला दिवसभरात कोण कोण आलं ते सांगायचे, नावनिशीवार, वेळेसकट.

आणि मग सातव्या महिन्यात दाखला आला. तपकिरी बेडूक, मुबलक. दर्जा, चिंता नाही. बांधकामास हरकत नाही. मी तो दोनदा वाचला, गवंड्याला फोन करून सोमवारी यायला सांगितलं आणि अण्णांच्या पलंगाशी गेलो.

"अण्णा, मिळाली परवानगी. सोमवारपासून काम सुरू."

"कसलं काम?"

"खोलीचं. तुमच्या. मागच्या बाजूला."

अण्णांनी चष्मा काढला. "मागं? स्वयंपाकघराच्याही पलीकडं? तिथं कोण येणार आहे माझ्याकडे?"

"अहो पण तुम्हाला खाली यायचं होतं ना? म्हणून तर एवढा खटाटोप..."

"मला माणसांत यायचं होतं," अण्णा म्हणाले. "वर काय आणि मागं काय. मला विचारलं होतंस कधी?"

मी विचारलं नव्हतं. तीनशे बारा, किंवा नऊ, बेडकांना कुठे बसायला आवडतं, एकटं आवडतं की घोळक्यात, उजेड हवा की अंधार, हे सगळं मी सात पानं भरून सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. ज्याच्यासाठी खोली बांधायची तो माणूस एकच, आणि त्याला यातला एक प्रश्न मी केला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी दाखल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग पलंगाच्या कडेला बसलो.

"बरं, मग आता विचारतो," मी म्हणालो. "काय हवंय तुम्हाला?"

अण्णांना उत्तर शोधावं लागलं नाही. "तो सोफा खाली आण," ते म्हणाले. "माणसं येतात, त्यांना बसायला जागा नाही. मी हॉल मोजलाय. पलंग आणि सोफा, दोन्ही मावतात."

मी पोस्टमास्तरांना हाक मारायला बाहेर पडलो.